गिधाडं, गायी आणि विकलेला समुद्र: ‘द ऑटम ऑफ द पेट्रिआर्क’ वाचायची कशी?

गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची ही कादंबरी स्पॅनिशमध्ये १९७५ साली आली, ग्रेगरी रबासा यांचा इंग्रजी अनुवाद १९७६ साली. मराठी वाचकाच्या हाती ती सहसा याच अनुवादातून पडते आणि पुष्कळदा पहिल्याच प्रकरणात बाजूला पडते. यात वाचकाचा दोष नाही. सहा प्रकरणं आहेत, पण एकाही प्रकरणात परिच्छेद पाडलेला नाही. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. शेवटचं प्रकरण तर एका वाक्यात आहे. त्यात वाड्याच्या सज्जात गाय उभी, संरक्षणमंत्री चांदीच्या तबकात भाजून आलेला, समुद्र विकलेला! नवा वाचक अशा वेळी दोनपैकी एक करतो. ‘याचा अर्थ काय?’ म्हणत ओळीओळीला अडखळतो, नाहीतर ‘जादुई वास्तववादात (म्हणजे अद्भुत घटना रोजच्यासारख्या सांगणाऱ्या शैलीत) असंच असतं’ म्हणून सगळंच सोडून देतो. दोन्हींत पुस्तक हातून जातं.

खालची पद्धत तीन वाचनांची आहे आणि ती एकाच गृहीतकावर उभी आहे: या कादंबरीतली विलक्षण दृश्यं म्हणजे सत्तेच्या व्यवहाराच्या नोंदी आहेत. हुकूम कुणी दिला, पाळला कुणी, किंमत कुणाकडून वसूल झाली, हे आधी विचारायचं. ‘हे कशाचं प्रतीक?’ हा प्रश्न शेवटी.

आधी एवढं माहीत असू द्या

या पुस्तकात गोष्ट आधी कळल्यानं रसभंग होत नाही, उलट वाचणं सोपं होतं. कॅरिबियन किनाऱ्यावरचा एक अनाम देश. त्याचा हुकूमशहा, ज्याचं वय १०७ ते २३२ च्या दरम्यान कुठेतरी आहे. पहिल्याच पानावर गिधाडं खिडक्यांच्या जाळ्या फोडून वाड्यात शिरतात, मागोमाग लोक शिरतात आणि त्यांना प्रेत सापडतं. सहाही प्रकरणं या प्रेतापासून सुरू होतात आणि तिथून मागे जातात. तेव्हा ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता बाजूला ठेवा, ती इथे उपयोगाची नाही.

प्रकरणांची ढोबळ ओळख अशी. पहिल्यात हुकूमशहाचा तोतया पात्रिसिओ आरागोनेस मरतो. दुसऱ्यात गरीब वस्तीतली सौंदर्यराणी मानुएला सांचेस. तिसऱ्यात लॉटरीची मुलं आणि ती भाजलेल्या मंत्र्याची मेजवानी. चौथ्यात आई बेंदिसिओन आल्वारादो हिचा मृत्यू आणि तिला संतपद मिळवून देण्याची खटपट. पाचव्यात लेतिसिया नासारेनो, म्हातारपणी त्याला लिहायला-वाचायला शिकवणारी बायको. सहाव्यात छळाचा तज्ज्ञ साएन्स दे ला बारा, समुद्राची विक्री आणि अखेर. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. प्रकरणांच्या आत काळ सतत पुढेमागे उड्या मारतो, तेव्हा तीच उपयोगी पडते.

सामान थोडं लागतं: एक वही, तीन रंगांच्या पेन्सिली आणि शक्यतो छापील प्रत. एक प्रकरण साधारण चाळीस पानांचं. एका बैठकीत एक प्रकरण संपवायचं, म्हणजे अडीच-तीन तास हातात हवेत. रोज दहा पानं हा नेम इथे चालत नाही, कारण वाक्याच्या मधेच बोलणारा बदलतो आणि दुसऱ्या दिवशी धागा सापडत नाही. थांबावंच लागलं तर पूर्णविराम गाठून थांबा आणि समासात लिहा: आत्ता कोण बोलतंय, कुणाशी.

पहिलं वाचन: फक्त आवाज ओळखा

पहिल्या खेपेला अर्थाच्या मागे लागायचं नाही. एकच काम करायचं: बोलणारा बदलला की पेन्सिलीनं रेघ मारायची. एक रंग ‘आम्ही’साठी, म्हणजे वाड्यात शिरलेल्या लोकांसाठी. दुसरा हुकूमशहाच्या स्वतःच्या ‘मी’साठी. तिसरा बाकी सगळ्यांच्या ‘मी’साठी: शिपाई, बायका, राजदूत, ज्यांची नावंही आपल्याला कधी कळत नाहीत असे साक्षीदार.

अवतरणचिन्हं नसताना हे ओळखायचं कसं? संबोधनावरून. ‘जनरल सर’ आलं की बोलणारा हाताखालचा माणूस आहे. ‘मदर ऑफ माइन’ म्हणून बेंदिसिओन आल्वारादोला हाक आली की म्हातारा स्वतः बोलतोय किंवा मनात म्हणतोय, आणि ही हाक आई मेल्यावरही थांबत नाही. ‘सन’ आलं की आई. ‘युअर एक्सलन्सी’ आलं की बहुधा परदेशी राजदूत. या चार खुणांवर निम्म्याहून अधिक जागा सुटतात. उरलेल्या जागी प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला. काही जागा तिसऱ्या वाचनातही सुटत नाहीत, आणि त्या तशाच ठेवलेल्या आहेत.

अडलं तर मोठ्यानं वाचा. डोळा स्वल्पविरामावर घसरतो, पण आवाज बदललेला कानाला पटकन कळतो.

पहिल्या वाचनात हमखास होणारी चूक म्हणजे घटनांचा कालक्रम लावायला बसणं. तो लागत नाही. कोलंबसाची तीन जहाजं आणि अमेरिकन नौसैनिकांनी धक्क्यावर सोडून दिलेली युद्धनौका एकाच खिडकीतून दिसतात. वेळ विचारली तर ‘आपण सांगाल ती’ असं उत्तर मिळतं. घड्याळ सत्तेच्या ताब्यात गेलं की सनावळी कोण ठेवणार?

दुसरं वाचन: दृश्याची नोंद

आता वहीत चार रकाने पाडा. पहिल्यात काय घडलं ते, अगदी शब्दशः. दुसऱ्यात कुणाच्या हुकमानं. तिसऱ्यात किंमत कुणी मोजली. चौथ्यात दृश्य संपल्यावर हुकूमशहाकडे काय जास्त झालं आणि काय कमी. प्रत्येक प्रकरणातून पाच-सहा दृश्यं पुरेत. सगळीच लिहायला गेलात तर वही कादंबरीपेक्षा जाड होईल.

पहिला रकाना सर्वांत कठीण. ‘मंत्र्याला क्रूरपणे मारलं’ असं लिहून भागत नाही. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटची मेजवानी घ्या. जनरल रोद्रिगो दे आगिलार हा संरक्षणमंत्री, म्हाताऱ्याचा सर्वांत जवळचा माणूस, डॉमिनोज या सोंगट्यांच्या खेळात त्याला हरवायची परवानगी असलेला एकटाच. म्हाताऱ्याला कटाचा संशय येतो. पुरावा शोधला जात नाही. अध्यक्षीय पहारेकऱ्यांच्या वार्षिक मेजवानीला अधिकारी जमतात, मंत्र्याची वाट पाहतात, उशीर होत जातो. मध्यरात्री पडदे बाजूला होतात आणि मंत्री येतो: चांदीच्या तबकात आडवा, मसाला मुरवून खरपूस भाजलेला, भोवती फ्लॉवर आणि तमालपत्रं, अंगावर गणवेश आणि पदकं, तोंडात पार्स्लीची काडी. मग प्रत्येकाच्या ताटात वाढप होतं.

आता रकाने भरा. हुकूम म्हाताऱ्याचा. किंमत मंत्र्यानं मोजली असं वाटतं, पण जरा थांबा. टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला वाटा मिळाला आहे, आणि म्हणून किंमत त्या सगळ्यांनी मोजली. त्या रात्रीनंतर कुणालाच ‘माझा यात हात नव्हता’ म्हणता येणार नाही. चौथा रकाना: त्याला भीतीवर चालणारं सैन्य मिळालं, आणि डॉमिनोजमध्ये हरवणारा माणूस गेला. म्हणजे त्याच्याशी खरं खेळणारं कुणी उरलं नाही. पदकं आणि भाजीचा तपशील शोभेला नाही. सरकारी समारंभाचा थाट जराही मोडलेला नाही, हे तो तपशील सांगतो. ‘हे खरंच घडलं की कल्पनेत?’ हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे, कारण कादंबरीतले सगळे जण ते घडल्याप्रमाणेच पुढे वागतात.

त्याच प्रकरणातली लॉटरीची मुलंही अशीच नोंदवा. सोडतीत नंबर काढायला लहान मुलं आणली जातात. बर्फात ठेवलेला गोळा हाताला गार लागतो, तोच उचलायला त्यांना सांगितलेलं असतं, आणि बक्षीस दर वेळी म्हाताऱ्याला लागतं. गुपित फुटू नये म्हणून मुलांना घरी सोडत नाहीत. त्यांची संख्या वाढत वाढत दोन हजारांवर जाते. शेवटी सिमेंटच्या बार्जवर (सपाट मालवाहू नौकेवर) चढवून त्यांना समुद्रात नेतात आणि सुरुंगानं उडवतात. हुकूम पाळणाऱ्या अधिकाऱ्यांना बढती आणि पदक मिळतं, मग गोळी. लबाडी किती क्षुल्लक होती आणि तिच्यामागून काय काय आलं, हे चार रकान्यांत मांडल्यावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही प्रतीकार्थानं दिसत नाही.

इतिहासाशी ताडून पाहा

या टप्प्यावर वाचक म्हणतो, ‘लेखकानं फारच ताणलंय.’ म्हणून प्रत्यक्षात काय झालं होतं ते बघून घ्या. मेक्सिकोच्या सांता आन्ना यानं लढाईत गमावलेला आपला पाय १८४२ मध्ये लष्करी इतमामात पुरला. इक्वेडोरचा अध्यक्ष गार्सिया मोरेनो १८७५ मध्ये मारला गेला, तेव्हा त्याचं प्रेत गणवेश आणि पदकं घालून खुर्चीत बसवलं होतं. एल साल्वादोरचा एर्नांदेस मार्तिनेस (सत्ताकाळ १९३१ ते १९४४) साथीवर उपाय म्हणून रस्त्यावरच्या दिव्यांना लाल कागद गुंडाळायला लावायचा आणि अन्नात विष आहे का हे लंबकानं तपासायचा. गार्सिया मार्केस यांनी १९८२ च्या नोबेल भाषणात हे तिन्ही दाखले दिले आहेत. कादंबरीचं बीजही पत्रकारितेतलं: जानेवारी १९५८ मध्ये व्हेनेझुएलाचा पेरेस हिमेनेस पळून गेला तेव्हा ते काराकासमध्ये वार्ताहर होते.

याचा फायदा घ्या, पण एका मर्यादेपर्यंत. ‘हा म्हातारा म्हणजे व्हेनेझुएलाचा हुआन विसेन्ते गोमेस’ (१९०८ ते १९३५) असं ठरवून बसू नका. गोमेसची गुरंढोरं आणि शेतकरी वळण यात आहे, पण इतर अनेकही आहेत. एका माणसाशी जोड लावली की उरलेलं पुस्तक त्या मापात बसवण्याचा खटाटोप सुरू होतो.

ताडून पाहण्याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे समुद्राची विक्री. कर्ज थकलं आहे. अमेरिकन राजदूत यूइंग पर्याय ठेवतो: एकतर नौसैनिक उतरतील, नाहीतर आम्ही समुद्र नेऊ. म्हातारा शेवटी सही करतो. मग अभियंते येतात आणि समुद्राचे तुकडे करून, त्यांना क्रमांक देऊन, आतल्या सगळ्या चीजवस्तूंसकट तो अॅरिझोनात लावायला घेऊन जातात. मागे चंद्रावरच्या धुळीसारखं ओसाड मैदान उरतं.

‘सार्वभौमत्वाच्या ऱ्हासाचं प्रतीक’ असं एका ओळीत उरकण्याचा मोह इथे फार होतो. त्याआधी इतिहास बघा. १९०२-०३ मध्ये ब्रिटन, जर्मनी आणि इटलीनं थकलेल्या कर्जापोटी व्हेनेझुएलाच्या बंदरांची नाकेबंदी केली. १९०५ पासून डॉमिनिकन रिपब्लिकच्या जकातीची वसुली अमेरिकेच्या हाती गेली, ती परदेशी कर्ज फेडण्यासाठी. १९१६ ते १९२४ तिथे अमेरिकन नौसैनिकांचाच अंमल होता. म्हणजे बंदर, जकात, किनारा हे सगळं तारण म्हणून आधीच जात होतं. कादंबरीनं त्यापुढची एक पायरी लिहिली.

आता तो ‘क्रमांक’ पाहा. दृश्याची सगळी धार त्या एका तपशिलात आहे. लूट झाली, पण ती पॅकिंग करून, यादी बनवून, कागदपत्रं पुरी करून. क्रमांक काढून टाकला तर उरते ती नुसती परीकथा. आणि शेवटी मागे जाऊन तपासा: आधीच्या प्रकरणांत म्हातारा झोपण्यापूर्वी वाड्यातून फेरी मारताना खिडक्याखिडक्यांतून समुद्र बघत जातो. आता खिडक्या आहेत, समुद्र नाही.

तिसरं वाचन: एक वस्तू आणि एक नकाशा

तिसऱ्या खेपेला पूर्ण पुस्तक वाचायची गरज नाही. एक वस्तू निवडा आणि ती जिथे जिथे येते तेवढीच पानं वाचा. नवख्यांसाठी तीन चांगल्या वस्तू आहेत: डाव्या टाचेवरची सोन्याची आर (घोड्याला टोचायची), झोपायच्या खोलीचे तीन अडसर, तीन कुलपं आणि तीन कड्या, आणि गायी. गायींपासून सुरुवात करा, त्या सगळ्यांत जास्त बोलतात. आधी त्या घरच्या जनावरांसारख्या आहेत, म्हातारा रोजच्या फेरीत त्यांच्याकडेही लक्ष ठेवतो. मग त्या दिवाणखान्यात, गालिच्यांवर, आणि एक तर जनतेला दर्शन द्यायच्या सज्जात येते. वाड्यात जन्मणाऱ्या गायींच्या अंगावर अध्यक्षांचा शिक्का जन्मतःच असतो. ‘गाय म्हणजे अमुक’ असं कुठेच जुळत नाही, पण गाय कुठे उभी आहे यावरून त्या घडीला कारभार कितपत शिल्लक आहे ते कळतं. आपल्याकडच्या वाचकानं गायीला इथल्या श्रद्धेचा अर्थ मात्र चिकटवू नये. ही गुराख्यांच्या मुलखातली, मालमत्ता म्हणून मोजली जाणारी गाय आहे.

त्यानंतर सत्तेचा नकाशा. कोऱ्या पानावर मधोमध म्हातारा आणि भोवती बाकीचे. दोन प्रकारचे बाण काढा: कोण कुणाला हुकूम देतो, आणि कोण कुणाला माहिती देतो. प्रत्येक प्रकरणाचा वेगळा नकाशा करा. मग चकित व्हायला होतं. हुकमाचे बाण शेवटपर्यंत त्याच्याकडूनच निघतात, पण माहितीचे बाण एकेक करून तुटत जातात. पहिल्या प्रकरणात तोतया मेल्यावर तो लपून आपल्याच मरणाचा जल्लोष बघतो, आणि त्याला लोकांचं खरं मन कळतं ते बहुधा तेवढंच. तोतयानं मरतानाच त्याला तोंडावर खरं सांगितलेलं असतं, कारण मरणाऱ्याला आता कसली भीती? शेवटाकडे मालिकांचा शेवट त्याच्या मर्जीप्रमाणे बदलला जातो. शेजारच्या शाळेतल्या मुलींच्या जागी बंदरावरच्या वेश्यांना गणवेश घालून उभं केलं जातं. सगळं जग त्याच्यासाठी लावलेला देखावा होतं, आणि देखावा लावणारी माणसं राज्य करतात.

हुकूमशहाची गोष्ट म्हटली की आपण सत्तेच्या पाठलागाची अपेक्षा करतो, पण इथे तो थोडा उलटा आहे. सत्ता त्याला सुरुवातीलाच, परकी आरमाराच्या आशीर्वादानं, मिळालेली आहे. पुढची सगळी पानं तो पाठलाग करतो ते सत्तेनं मिळत नाही त्याचा: मानुएला सांचेसचा, जिच्यासाठी धूमकेतू दाखवतो आणि जी सूर्यग्रहणाच्या अंधारात नाहीशी होते. आईच्या संतपदाचा, जे रोमच्या कॅथलिक चर्चकडून मिळत नाही म्हणून तो हुकूमनाम्यानं जाहीर करतो. ज्या गोष्टीला हुकूम लागू होत नाही तिथे कादंबरी सर्वांत अतर्क्य होते. नकाशा आणि दृश्यांची वही शेजारी ठेवून हे प्रत्येक प्रकरणात तपासता येतं.

लिहायला बसल्यावर

वाचनगटासाठी, महाविद्यालयीन टिपणासाठी किंवा स्वतःसाठी अर्धं पान लिहायचं असेल तर एकच दृश्य घ्या आणि चार वाक्यांचा कच्चा मसुदा करा: काय घडलं, कुणाच्या हुकमानं, कुणाच्या जिवावर, आणि नंतर काय बदललं. पाचव्या वाक्यात तुमचा अर्थ. मग कसोटी लावा. दृश्यातला एक तपशील बदलून बघा. तबकाच्या जागी फाशी घातली, क्रमांक दिलेल्या तुकड्यांच्या जागी साधा करार घातला, तरी तुमचं पाचवं वाक्य तसंच खरं राहतंय का? राहत असेल तर ते या कादंबरीबद्दल नाही, हुकूमशाहीबद्दलचं सर्वसाधारण वाक्य आहे. खोडा आणि पहिल्या रकान्याकडे परत जा.

बिघडण्याच्या आणखी दोन जागा. एक, विनोद निसटणं. मुलगा अध्यक्ष होणार हे आधी ठाऊक असतं तर त्याला शाळेत घातला असता, असं त्याची आई भर समारंभात म्हणते. साध्या चिमण्या-पाखरांना रंग देऊन भारी पक्षी म्हणून विकणारी ही बाई. इथे हसू येत नसेल तर तुम्ही फार गंभीरपणे वाचताय. दोन, दया. म्हाताऱ्याची कीव यावी अशीच मांडणी आहे, विशेषतः तो विसरू नये म्हणून चिठ्ठ्या लिहून भिंतींच्या फटीत लपवतो तेव्हा. कीव येऊ द्या, पण टिपणात ती लिहिताना त्याच पानावर त्या दोन हजार मुलांचाही उल्लेख हवा.

सहाव्या प्रकरणासाठी तीन तास वेगळे काढा आणि पहिल्या खेपेला पेन्सिल हातात घेऊच नका. एक वाक्य आहे, थांबायला जागा नाही. दुसऱ्या खेपेला मात्र फक्त ‘आम्ही’ अधोरेखित करा. घंटा वाजवणारे, रस्त्यावर नाचणारे हे लोक कोण, आणि आधीच्या पाच प्रकरणांत हेच ‘आम्ही’ कुठे कुठे गप्प उभे होते, हे पहिल्या वाचनातल्या रंगीत रेघांशी जुळवून बघा.